वेदांगीची सायकल आणि आपला घाट

इयत्ता : ५ वी ते ८ वी
विषय : परिसर अभ्यास, भूगोल, गणित, विज्ञान (एकत्रित पाठ)



मागच्या महिन्यात परिपाठाच्या वेळी मुलांना एक खेळ दिला. एका मिनिटात जेवढ्या खेळाडूंची नावं सांगता येतील तेवढी सांगायची. क्रिकेटची नावं धडाधड आली, फळ्यावर लिहिताना माझाच हात दुखायला लागला. कबड्डी आणि कुस्तीचीही थोडी आली. मग विचारलं, "आता सायकल चालवणाऱ्या एका तरी खेळाडूचं नाव सांगा." वर्ग गप्प. शेवटी मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "बाई, आमचा पोस्टमन!" सगळे हसले, मीपण हसले. पण मनात आलं, सायकल तर निम्म्या वर्गाला येते, मग सायकलपटू एकही माहीत नाही हे कसं? त्यावरून हा पाठ तयार झाला. महाड-पोलादपूरच्या आपल्या मुलांना समोर ठेवून लिहिलाय, पण कुठल्याही शाळेत घेता येईल.

१. वेदांगी कोण?

वेदांगी कुलकर्णी ही पुण्याची मुलगी. किशोरवयातच तिने हिमालयातल्या उंच रस्त्यांवर लांबची सायकलफेरी केली. पुढे शिकायला इंग्लंडला गेली. तिथल्या बोर्नमथ विद्यापीठात तिने क्रीडा व्यवस्थापन हा विषय घेतला. म्हणजे खेळ कसे चालतात, स्पर्धा कशा भरवतात, खेळाडूंना पैसा आणि सोयी कुठून मिळतात, याचा अभ्यास. शिकता शिकता तिने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघून स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळच्या जॉन ओ'ग्रोट्सपर्यंत सायकल नेली. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सगळा देश तिने पायडल मारत पार केला.

एवढं झाल्यावर तिने ठरवलं, आता पृथ्वीलाच फेरी मारायची.

१७ जुलै २०१८ रोजी ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थ शहरातून निघाली. तेव्हा ती विशीच्या उंबरठ्यावर होती. आपल्याकडे एवढ्या वयाची मुलगी एकटी मुंबईला निघाली तरी घरातले दहा वेळा फोन करतात!

२. फेरी कशी झाली?

(इथे वर्गात जगाचा नकाशा लावावा आणि मुलांकडून मार्गावर दोरा धरून घ्यावा.)

पर्थहून ती ऑस्ट्रेलिया आडवी कापत पूर्वेच्या ब्रिस्बेनला गेली. तिथून विमानाने न्यूझीलंड आणि पुन्हा सायकल. मग विमानाने कॅनडातलं व्हँकुव्हर. तिथून एवढा मोठा देश पश्चिमेकडून पूर्वेकडे पार करत हॅलिफॅक्स. त्यानंतर आइसलँड, पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि रशिया. शेवटचा टप्पा आपल्या भारतातला, सुमारे ४,००० किलोमीटरचा. २३ डिसेंबर २०१८ रोजी ती कोलकात्याला पोहोचली. एकूण १४ देश आणि सुमारे २९,००० किलोमीटर.

बातम्यांत ती कोलकात्याला थांबली असं आलं, पण जगप्रदक्षिणेचा नियम असा की जिथून सुरुवात तिथेच शेवट. म्हणून हिशोब पुरा करायला तिला परत पर्थला जाऊन १५ किलोमीटर सायकल चालवायची होती. मुलांना हा नियम फार आवडला. पकडापकडी खेळताना "खांबाला हात लावल्याशिवाय डाव मोडत नाही" असं ते म्हणतात, अगदी तसंच.

मोठा भाग तिने एकटीने केला. तंबू, दुरुस्तीची हत्यारं, कपडे, सगळं सायकलवरच लादलेलं. वाटेत काय काय झालं बघा. कॅनडात ग्रिझली जातीचं अस्वल तिच्या मागे लागलं. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटलं. रशियात बर्फात एकटीने तंबू ठोकून रात्री काढल्या. कुठे उणे २० अंश थंडी, तर कुठे ३७ अंश ऊन. शिवाय व्हिसाची कागदपत्रं! दुसऱ्या देशात शिरायला जी परवानगी लागते तिला व्हिसा म्हणतात. त्या परवानग्यांतही तिचे दिवस गेले.

इथे एका मुलीने विचारलं, "बाई, लुटल्यावर ती घरी का नाही गेली?" या प्रश्नाकडे आपण पाठात शेवटी परत येऊ.

३. न्यूझीलंड आणि स्पेनच का?

हा भाग भूगोलाच्या तासाला घ्या. सायकलने जगप्रदक्षिणा केली असं मानायचं तर गिनीज विश्वविक्रमाचे काही नियम पाळावे लागतात. सायकलवर किमान २८,९७० किलोमीटर व्हायला हवेत. प्रवासाची दिशा एकच हवी. आणि पृथ्वीच्या गोळ्यावर बरोब्बर समोरासमोर असलेल्या दोन ठिकाणांना तरी स्पर्श व्हायला हवा.

समोरासमोर म्हणजे कसं? एक संत्रं घ्या. एका बाजूने आरपार सुई घाला, ती पलीकडे जिथे निघेल ते समोरचं ठिकाण. पृथ्वीवर असं केलं तर बहुतेक वेळा सुई समुद्रात निघते, कारण पृथ्वीवर पाणीच जास्त. जमिनीच्या बरोब्बर समोर जमीन अशा जागा थोड्याच आहेत. न्यूझीलंडच्या समोर स्पेनचा भाग येतो. म्हणून जगाची फेरी मारणारे बरेच सायकलस्वार न्यूझीलंड आणि स्पेन-पोर्तुगाल या दोन्हीकडून जातात.

आता आपलं गाव घ्या. महाड साधारण १८ अंश उत्तर अक्षांश आणि ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे. समोरचं ठिकाण काढायला अक्षांश तोच ठेवून उत्तरऐवजी दक्षिण करायचं. रेखांश १८० मधून वजा करून पूर्वऐवजी पश्चिम करायचं. उत्तर येतं १८ अंश दक्षिण, १०७ अंश पश्चिम. गोलावर बोट ठेवून बघा, प्रशांत महासागर! चवदार तळ्यापाशी सुई टोचली तर पलीकडे नुसतं पाणी. मुलांना हे इतकं आवडलं की मधल्या सुट्टीतही गोल सोडेनात.

४. रोज किती?

१७ जुलै ते २३ डिसेंबर किती दिवस होतात ते मुलांकडून मोजून घ्या. जुलैचे १४, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३० आणि डिसेंबरचे २३. एकूण १५९.

२९,००० भागिले १५९ म्हणजे साधारण १८२ किलोमीटर रोज.

आकडा नुसता सांगितला तर मुलांना काही वाटत नाही. म्हणून सांगितलं, महाडहून मुंबई साधारण पावणेदोनशे किलोमीटर. म्हणजे आज महाड ते मुंबई, उद्या मुंबई ते महाड, परवा परत मुंबई. असं पाच महिने. आणि ही सरासरी झाली हं. विमानप्रवास आणि अडकून पडलेले दिवस यातच आले. म्हणजे चालत्या दिवशी त्याहून जास्त चालवलेली. काही दिवशी तर ३०० किलोमीटरपर्यंत. "एसटीनेपण कंटाळा येतो बाई," असं उत्तर आलं.

५. विक्रम झाला का?

आता नीट ऐका, कारण बऱ्याच ठिकाणी हा भाग गाळून गोष्ट सांगतात.

वेदांगी निघाली ती सगळ्यात कमी दिवसांत जगाची फेरी मारणारी महिला व्हायचं म्हणून. तो विक्रम तिला मिळाला नाही. त्याच वर्षी स्कॉटलंडची जेनी ग्रॅहम जर्मनीतल्या बर्लिन शहरातून १६ जूनला निघाली आणि १८ ऑक्टोबरला परत बर्लिनला पोहोचली. १२४ दिवस! वेदांगी तेव्हा अजून वाटेतच होती. तिचे आणखी दोन महिने बाकी होते आणि समोर रशियाचा हिवाळा होता.

म्हणजे ज्या बक्षिसासाठी ती निघाली होती ते दुसरीने नेलं. तरी ती थांबली नाही. डिसेंबरमध्ये आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी "जगप्रदक्षिणा करणारी सर्वांत वेगवान आशियाई महिला" अशी बातमी दिली. तिचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं. पण मला मुलांना बातमीपेक्षा ते मधले दोन महिने दाखवायचे होते. विक्रम गेलाय, पहिला नंबर येणार नाही हे समजलंय, बघायला कोणी नाही आणि रोज सकाळी तंबू गुंडाळून परत सायकलवर बसायचंय.

आपल्याकडे नंबराचं फार आहे. पहिला नंबर नाही आला तर "कशाला भाग घेतलास?" असं घरी विचारतात. खरं सांगायचं तर कधी कधी आपण शिक्षकसुद्धा विचारतो.

६. डोंगरातली सायकल शर्यत

वेदांगीने मुख्यतः रस्त्यावरून लांब पल्ल्याची सायकल चालवली. सायकलचा दुसरा एक खेळ डोंगरात चालतो, त्याला क्रॉस-कंट्री माउंटन बाइक म्हणतात. जंगलातली पायवाट, दगड, मुळं, चिखल, खडा चढ आणि अंगावर काटा आणणारा उतार असा ४ ते ६ किलोमीटरचा वळसा आखतात. सगळे एकदम सुटतात आणि तेच वळसे पुन्हा पुन्हा घालतात. शर्यत साधारण दीड तास चालते. ठरवून दिलेल्या जागेशिवाय कुठेही बाहेरची मदत घेता येत नाही. म्हणजे मध्येच चाक पंक्चर झालं तर आपलं आपण बघायचं.

हा खेळ फार जुना नाही. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातली काही मुलं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची, त्यातून तो वाढला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे.

जर्मनीत या खेळाचं मोठं वेड आहे. तिथल्या अल्बश्टाट गावात जागतिक मालिकेची शर्यत व्हायची तेव्हा चढावर दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहून ओरडत. त्यांची जाबिने श्पित्स २००४ साली अथेन्सला कांस्य, २००८ साली बीजिंगला सुवर्ण आणि २०१२ साली लंडनला रौप्य अशी तीन ऑलिंपिक पदकं घेऊन गेली. लंडनच्या वेळी तिचं वय ४० होतं! एखादी लहान मुलगी अल्बश्टाटच्या चढावर आईचा हात धरून असं काही बघते आणि दहा वर्षांनी स्वतः तिथे उतरते. लोकप्रियतेचा खरा उपयोग हा. टाळ्या खेळाडूला मिळतात, पण त्या ऐकून पुढची मुलगी तयार होते.

आपल्याकडेही सुरुवात झालीय. संगमनेरची प्रणिता सोमण राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांत पदकं मिळवणारी खेळाडू आहे. नाशिकचे डॉक्टर भाऊ हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची शर्यत जोडीने पूर्ण केली. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात अव्वल ठरणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात, हे आजोबांना विचारलंत तर तेही सांगतील. नावं आहेत, फक्त आपल्या वर्गापर्यंत पोहोचलेली नाहीत.

७. घाट चढतो कसा?

हा विज्ञानाचा भाग. आपण तर घाटांच्या मध्येच राहतो. पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, महाडवरून वरंध घाटाने भोर, दक्षिणेला कशेडी. पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण ४० किलोमीटरचा रस्ता, आणि तेवढ्यात आपण १,२०० मीटरहून जास्त उंच जातो.

मुलांनी विचारलं, "बाई, आमची सायकल शाळेच्या चढावरपण चढत नाही, मग त्यांची डोंगरात कशी चढते?" उत्तर दातांत आहे. सायकलच्या दातांत!

एका मुलाची सायकल वर्गात आणली आणि दात मोजले. पुढच्या मोठ्या दातेरी चाकाला ४४, मागच्या लहान चाकाला १८. म्हणजे पायडल एकदा फिरलं की मागचं चाक ४४ भागिले १८, जवळजवळ अडीच वेळा फिरतं. सायकल एका फेरीत साधारण ५ मीटर पुढे जाते. सपाटीला झकास, पण चढाला पाय जड होतात.

डोंगरी सायकलला गिअर असतात. समजा पुढे ३२ दात आणि मागे सगळ्यात मोठं ५० दातांचं चाक. आता पायडलच्या एका फेरीत मागचं चाक पूर्णही फिरत नाही, ३२ भागिले ५० म्हणजे ०.६४ वेळाच फिरतं. सायकल दीड मीटरच सरकते. पण जोर खूप कमी लागतो. चढायची उंची तीच राहते, म्हणून कामही तेवढंच. थोड्या फेऱ्यांत खूप जोर लावा नाहीतर खूप फेऱ्यांत थोडा थोडा. हाच तरफेचा आणि उतरणीचा नियम, जो आपण पुस्तकात शिकतो.

एक सूचना मात्र सगळ्यांना : घाटात गाड्या जोरात येतात, पावसात दरड पडते. लहान मुलांनी घाटात एकट्याने सायकल न्यायची नाही. सराव शाळेच्या मैदानावर आणि वाडीच्या रस्त्यावर.

८. ती घरी का नाही गेली?

आता तो प्रश्न. लुटल्यावर ती घरी का नाही गेली?

मी मुलांनाच विचारलं. कोणी म्हणालं, "हट्टी असेल." कोणी म्हणालं, "पैसे खर्च झालेले ना." सातवीतली एक मुलगी, जी एरवी फार बोलत नाही, ती म्हणाली, "तिला घरच्यांनी परत ये असं नसेल सांगितलं."

मला पुढे काय बोलावं ते क्षणभर सुचलं नाही. बरोबर होतं तिचं. वेदांगीचे आईवडील या सगळ्यात तिच्या पाठीशी उभे राहिले, हे तिनेही सांगितलंय. पोरीच्या पायात जोर आहेच. पण तिला "जा" म्हणणारं कोणीतरी घरात होतं.

या मुलीचं घर वाडीवर. आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीला हायस्कूल सहा किलोमीटरवर, एसटी सकाळी एकच, तीही पावसाळ्यात येईल तेव्हा खरी. घरात सायकल एक आहे. ती तिच्या भावाची. तिला सायकल चांगली येते, भावापेक्षा चांगली. पण जूनमध्ये सायकल कोणाकडे जाणार हे घरात कोणी अजून विचारलेलंही नाही, कारण उत्तर ठरलेलंच आहे असं सगळ्यांना वाटतं.

सहा किलोमीटर जायचे, सहा यायचे, रोज बारा. वेदांगीचे रोजचे १८२. आम्ही फळ्यावर दोन्ही आकडे शेजारी लिहिले. मग एका मुलाने विचारलं, "बाई, शाळेचे दिवस किती?" साधारण २२० धरले. २२० गुणिले १२, वर्षाला २,६४०. आठवी ते दहावी तीन वर्षांचे ७,९२०. वर्गात शांतता झाली. जगाच्या फेरीच्या पावभागाहून जास्त अंतर तर दहावी होईपर्यंतच होतं! आणि यासाठी पासपोर्ट लागत नाही, फक्त सायकल लागते.

म्हणून शिक्षक मित्रमैत्रिणींनो, या पाठाबरोबर एक काम करा. सातवीच्या मुलींची यादी करा. नावापुढे तीन रकाने : हायस्कूल किती दूर, जायचं कशाने, घरात सायकल कोणाची. ही यादी एप्रिलच्या पालकसभेत समोर ठेवा. कोणाला टोचून बोलायचं नाही, फक्त विचारायचं, "ताई, भाऊ, जूनमध्ये ही शाळेत कशी जाणार?" आधी विचारलं तर काहीतरी मार्ग निघतो. कोणाची जुनी सायकल मिळते, दोघी मिळून जातात, ग्रामपंचायतीत विषय निघतो. जूनमध्ये विचारलं तर उशीर झालेला असतो. राज्यातल्या काही मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवीपुढच्या मुलींना सायकली मिळतात. आपल्या तालुक्यासाठी अशी कुठली योजना आहे ते केंद्रप्रमुखांकडे विचारून घ्या.

माझी यादी झालीय, सात नावं आहेत. त्या मुलीच्या आईशी बोलणं झालं, वडील अजून भेटायचे आहेत. काय होतं ते सांगेन. सध्या एवढंच की मधल्या सुट्टीत ती मैदानावर तिघींना सायकल शिकवतेय, आणि "चढाला उतरू नको, हळू मार पण मार" असं ओरडतेय.

स्वाध्याय

१) वेदांगी कोणत्या शहरातून निघाली? ते शहर नकाशात शोधा.
२) तिने पार केलेल्या १४ देशांची नावं क्रमाने लिहा.
३) जेनी ग्रॅहम आणि वेदांगी यांच्या दिवसांत किती फरक आहे?
४) आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या सायकलचे पुढचे आणि मागचे दात मोजा. पायडलच्या एका फेरीत चाक किती वेळा फिरेल?
५) तुमचं घर ते शाळा अंतर किती? एका वर्षात तुम्ही एकूण किती किलोमीटर जाता-येता?
६) पहिला नंबर येणार नाही हे माहीत असूनही तुम्ही पूर्ण केलेलं एक काम आठवा. त्याविषयी पाच ओळी लिहा.
७) चर्चा करा : घरात सायकल एकच असेल तर ती कोणी वापरावी? कसं ठरवावं?

उपक्रम : आई, आजी किंवा शेजारच्या काकूंना विचारा, "तुम्हाला सायकल येते का? कोणी शिकवली? नसेल येत, तर का?" उत्तरं वहीत लिहून आणा आणि वर्गात वाचून दाखवा.

पाठ वर्गात घेतलात तर मुलांनी काय विचारलं ते नक्की कळवा.